'४१३०'चं स्टिकर आणि २५.४चा दांडा: टूरिंग सायकल म्हणून गळ्यात मारलेला माल

राग अजून उतरलेला नाही. लाजही वाटते, कारण सायकलचे सुटे भाग मला नवीन नाहीत. तरीही फसलो, म्हणून लिहितो.

हवी होती डांबर, खडी, माती या सगळ्यांवर चालणारी, तंबू आणि सामान लादून चार-आठ दिवस फिरता येईल अशी आरामशीर सायकल. वापरलेली पण 'टूरिंगसाठी तयार' अशी जाहिरात होती. ठरलेल्या रकमेच्या ४० टक्के आगाऊ दिले, उरलेले ६० टक्के ताबा घेताना. "आणखी दोघं बघून गेलेत" वगैरे घाई कशी करतात ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात शिरत नाही. लबाडी भागाभागांत होती, ती सांगतो.

फ्रेम ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मजबूत पोलाद), टायर ५० मिमीपर्यंत बसतो, सर्वांत हलका गिअर पुढे २६ आणि मागे ३६ दाते, मागे कॅसेट हब (चाकाचा मधला भाग, ज्यावर दाते सरकवून बसवतात), वजन १३.५ किलो, फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, दोन्ही बाजूंनी सामानासाठी तीन-तीन बोल्टची सोय. हे सगळं लेखी आलं होतं. प्रत्यक्षात हाय-टेन (साधं, स्वस्त) स्टील, जेमतेम ४० मिमीचा टायर, हलका गिअर २८ ला २८, कॅसेटऐवजी हबच्या पेचावर बसणारं फ्रीव्हील, वजन १७.२ किलो. फोर्कच्या बोल्टचं पुढे सांगतो, ते सर्वांत संतापजनक आहे.

आता तो क्षण. सीटची उंची जुळवायला मी सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, पूर्ण बाहेर काढला. ग्रीसने माखला होता. फडक्याने पुसला, तर खालच्या टोकाशी, कमीत कमी किती आत हवा त्या रेघेखाली, आकडा कोरलेला दिसला: २५.४. वाचला. आणि दांडा परत आत सारला!

नेहमीच्या स्टील फ्रेमची सीटची नळी बाहेरून २८.६ मिमी असते. चांगल्या क्रोमोलीची नळी पातळ, म्हणून तिच्यात साधारण २७.२चा दांडा जातो. २५.४चा दांडा घट्ट बसतोय म्हणजे नळीची भिंत दीड मिमीच्या आसपास, म्हणजे जाड आणि स्वस्त पाइप. मध्ये पातळ पत्र्याची बुशिंग घालून बारीक दांडा बसवलेला असू शकतो, पण इथे बुशिंग नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. फ्रेमवर '४१३०'चं स्टिकर झळकत होतं आणि त्याच्या वीतभर वर, माझ्या हातातल्या दांड्यावर, खरं उत्तर कोरलेलं होतं. मी स्टिकरवर विश्वास ठेवला.

माझी बाजूही ऐका. लोहचुंबक सोबत नेलं होतं, ते चिकटलं. पण त्यातून फक्त ॲल्युमिनियम नाही एवढंच कळतं. क्रोमोली आणि हाय-टेन दोन्हींना ते सारखंच चिकटतं. संध्याकाळ झाली होती, समोरचा माणूस प्रत्येक प्रश्नाला अचूक शब्दांत उत्तर देत होता, आणि ४० टक्के रक्कम आधीच त्याच्याकडे अडकलेली होती. आगाऊ दिलेल्या पैशाने डोळ्यांवर झापड येते. म्हणून आगाऊ देऊ नका. अजिबात नाही.

चाचणीची फेरी हा दुसरा सापळा. जाडजूड जेलची सीट आणि टायरमध्ये मुद्दाम कमी हवा. अंगठा सहज आत जात होता. रिकामी सायकल, गुळगुळीत रस्ता, दहा मिनिटं. मऊशार वाटणारच. खरा आराम टायरमधल्या हवेच्या आकारमानातून आणि शरीराला जुळणाऱ्या मापांतून येतो. फार मऊ सीटमध्ये बसण्याची हाडं रुततात, जेल मधल्या भागावर दाबतं आणि दोन-तीन तासांत बधिरपणा येतो. फेरीआधी हवा स्वतः भरा. दोन पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या भरून १२ ते १५ लिटर मागे बांधा, मग चालवा. तेवढ्यानेच मला कळलं असतं की दर पावलाला टाच पिशवीला घासते. चेनस्टे, म्हणजे पॅडलच्या अक्षापासून मागच्या अक्षापर्यंतचं अंतर, ४२५ मिमी निघालं. लादून फिरायला ४५०च्या आसपास हवं.

टायरचा दावा तर पट्टीने खोटा ठरतो. टायरच्या बाजूवर ४०-६२२ असं छापलं होतं. चेनस्टेच्या दोन नळ्यांमधली जागा, टायर सर्वांत रुंद असतो तिथे, भरली ५२ मिमी. म्हणजे ४०च्या टायरला दोन्हीकडे ६-६ मिमी, ठीक. ५०चा टायर घातला तर १-१ मिमी. चिखलातला एक खडा पुरे, चाक जाम.

गिअरचा हिशोब करा. २८ ला २८ म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरी, साधारण २.२ मीटर. २६ ला ३६ असतं तर १.६ मीटर. सामानासह उभ्या चढावर गुडघ्यांचं काय होणार ते हाच फरक ठरवतो. दाते मोजायला दोन मिनिटं लागतात. मी मोजले नाहीत.

फ्रीव्हील ओळखायचं तर मागचे दाते उलटे फिरवा आणि आत पाना बसवायची खाच बघा. खाच दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागीच राहिली तर फ्रीव्हील. फ्रीव्हील हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग दात्यांच्या आतल्या बाजूला राहतं, त्याबाहेरचा अक्ष आधाराविना लोंबतो. वजन लादून खराब रस्त्यावर तो वाकतो, मग तुटतो. माझा वाकलेलाच होता. चाक काढल्यावर दिसलं. चेनही संपलेली. बारा पूर्ण जोड्या पिनपासून पिनपर्यंत ३०४.८ मिमी असतात, इथे ३०८ भरल्या. एवढी ताणलेली चेन दातेही खाऊन टाकते.

आणि ते फोर्कचे बोल्ट. स्टीलच्या फोर्कला आटे कारखान्यातच झाळून किंवा वेल्ड करून बसवतात. इथे नंतर भोकं पाडून रिव्हेट नट (भोकात दाबून बसवायचे पोकळ नट) ठोकले होते आणि वर रंग मारला होता. ॲलन कीने बोल्ट घट्ट करायला गेलो तर नटच गरागरा फिरायला लागला. ॲल्युमिनियम फ्रेमवर बाटलीच्या पिंजऱ्यासाठी रिव्हेट नट नेहमीचे असतात, त्यात खोट नाही. पण फोर्कचा पाय म्हणजे पुढच्या चाकाचा सगळा भार. त्याला गावठी भोकं पाडून "इथे सामान बांधा" म्हणणं हा नुसता पैशाचा गुन्हा नाही, यात माणसाचे दात पडू शकतात, जीव जाऊ शकतो!

हे सगळं घेऊन पोलिसांकडे गेलो. पहिला प्रश्न: "सायकल मिळाली ना? चालते ना? मग फसवणूक कुठे?" लेखी दावे दाखवले, मापं दाखवली. "ही दिवाणी बाब आहे." दुसऱ्यांदा गेलो तर स्टील वेगळं आहे याचा प्रयोगशाळेचा दाखला मागितला. दाखल्यासाठी फ्रेम कापावी लागू शकते म्हटलं, तर "मग पुरावाच नष्ट होईल" असं उत्तर. मेकॅनिकचं सहीचं पत्र नेलं, तो 'अधिकृत तज्ज्ञ' नाही. तक्रार नोंदवून पोच द्या, एवढंच मागितलं, तीही तिसऱ्या खेपेला मिळाली. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. जाहिरात जिथे होती ते म्हणतात व्यवहार आमच्या बाहेर झाला. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं, विकणारा दुकानदार नाही, खासगी माणूस आहे. प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो, आणि प्रत्येक दाराशी तीच कागदांची चळत पुन्हा झेरॉक्स करायची. फोर्कमुळे उद्या कुणी पडला तर मात्र सगळे पंचनाम्याला हजर होतील.

पैसे देण्याआधी फोटो मागा: सीटपोस्टवरचा कोरलेला आकडा, टायरवरची मापं, मागच्या दात्यांचा जवळून, आणि सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटखालचा (पॅडलचा अक्ष बसतो त्या नळीखालचा) फ्रेम क्रमांक. क्रमांक घासलेला किंवा रंगाने बुजवलेला असेल तर चोरीचा माल समजा आणि निघा. वजन लटकत्या काट्यावर स्वतः करा.

तीच जाहिरात, तेच फोटो, तेच स्टिकर पुन्हा लागलंय. सीटपोस्टचा भाग फोटोत कापलेला आहे. मी दोनदा कळवलं, जाहिरात अजून तिथेच आहे.