जरी घ्या, तरी सोडा: आमच्या तालुक्यातला इंग्रजी क्लास

मी क्लास लावला तो एका स्वल्पविरामापायी. फेब्रुवारीत मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेला, संत्रा केरळातल्या एका व्यापाऱ्याला पाठवला, 120 कॅरेट, म्हणजे पेट्या. गाडी भरता भरता अवकाळी आला अन् वरची 14 कॅरेट भिजली. त्यांचे पैसे लावणार नाही, असं मी मोबाईलवर इंग्रजीत कळवलं: ‘वी विल नॉट चार्ज फॉर द क्रेट्स, विच गॉट वेट.’ तिकडच्या हिशेबनिसाचा उलट प्रश्न आला, म्हणजे 120 च्या 120 चे पैसे नकोत ना? आमच्या ह्यांना वाटलं तो लबाडी करतो आहे. चार दिवस फोनवर गेले तेव्हा कुठे मिटलं.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातलं. क्लास तालुक्याच्या ठिकाणी, एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर. सकाळी साडेसहा ते आठ, 30 दिवस, फी 2,200 रुपये. बॅचमध्ये आम्ही 19 जण. बहुतेक बँकेच्या परीक्षेची पोरं-पोरी, दोघी नर्सिंगच्या, अन् 41 वर्षांची मी एकटी. पहिल्या दिवशी एका पोट्ट्यानं मला कोणाची तरी आई समजून बाहेर खुर्ची आणून दिली. बसले पाच मिनिटं, मग आत गेले.

सर शिकवतात आपल्याच बोलीत, अन् फी वसूल होते ती त्यामुळेच. ऑलदो (जरी), रिलेटिव्ह क्लॉज (हू, विचनं सुरू होणारं पोटवाक्य) वगैरे शाळेत आम्हालाही होतं, पण चूक नेमकी कुठून येते ते कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी दुसऱ्याच दिवशी फळ्यावर जोड्या लिहिल्या. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो, जोपर्यंत-तोपर्यंत. म्हणाले, ‘आपल्या मराठीले जोडीनं चालायची सवय आहे. इंग्रजीत जोडीतल्या एकालेच आत घेतात. ऑलदो आत आला का बटनं बाहेर बसायचं.’ मग प्रत्येकाकडून वाक्य. ‘ऑलदो इट रेन्ड, बट वी लोडेड द ट्रक,’ हे माझं. पुढची पोरगी म्हणाली, ‘द मॅन हू केम येस्टर्डे, ही इज माय अंकल.’ सरांनी विचारलं, हा ‘ही’ कुठून आला? ‘जो काल आला तो माझा काका’ यातला ‘तो’ बिचारा इंग्रजीतही मागे मागे आला होता. इफ-देनचं काय, असं मी विचारलं. देन आलं तरी चालते, नाही आलं तरी चालते, म्हणाले.

माझी खरी फजिती ‘अनटिल’वर. ‘पैसे येत नाहीत तोपर्यंत माल पाठवणार नाही’ हे मी वर्षानुवर्षं ‘अनटिल यू डू नॉट पे’ असं लिहीत आले. अनटिलनंतर घडायची गोष्ट सरळ सांगायची, ‘अनटिल यू पे’. अन् ‘अनलेस’च्या तर पोटातच ‘नाही’ असते, त्यात आणखी ‘नॉट’ घातलं की अर्थच उलटतो. इतकी वर्षं व्यापाऱ्यांनी सांभाळून घेतलं म्हणायचं.

सतराव्या दिवशी मी मोबाईल काढून ते भिजलेलं वाक्य दाखवलं. सरांनी ते फळ्यावर उतरवलं अन् बोटानं स्वल्पविराम पुसला. आता विचचा भाग ओळख पटवतो: कोणती क्रेट्स? जी भिजली ती. परत स्वल्पविराम टाकला. आता क्रेट्स कोणती ते आधीच ठरलेलं, भिजल्याची बातमी वरून जास्तीची, म्हणजे सगळीच भिजली. माझी 106 कोरडी कॅरेट त्या शेपटीवाल्या टिंबानं ओली केली होती. हिशेबनीस लबाड नव्हताच, बाप्पा! त्याला इंग्रजी येत होतं. आपण मराठीत श्वास घेतो तिथं स्वल्पविराम टाकतो, इंग्रजीत तो अर्थाचा भाग आहे. दॅट अशा स्वल्पविरामानंतर येत नाही, म्हणून हिशेबाच्या निरोपात सरळ दॅट लिहावं, हा सल्ला सरांचा.

आता तक्रारी. नोट्स म्हणून आठ पानांची झेरॉक्स मिळते, शंभर लिंकिंग वर्ड्सची, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या शब्दांची, यादी अन् समोर एकेक मराठी अर्थ. बट, येट, हाऊएव्हर, नेव्हरदलेस, सगळ्यांपुढे ‘परंतु’. मग पोरं बट काढून तिथं हाऊएव्हर चिकटवतात. हाऊएव्हरनं दोन पूर्ण वाक्यं जोडताना त्याच्या आधी पूर्णविराम नाहीतर अर्धविराम लागतो, नंतर स्वल्पविराम, हे यादीत कुठंच नाही. तिसऱ्या पानावर तर चक्क ‘डिस्पाइट ऑफ’ छापलं आहे! ‘ऑफ’ लागते ते ‘इन स्पाइट’ला. डिस्पाइटच्या मागे नुसतं नाम किंवा आयएनजीचं रूप, ‘डिस्पाइट द रेन’, पाऊस असूनही. सरांना दाखवलं तर म्हणाले टायपिंगवाल्याची चूक. तीच झेरॉक्स आमच्या नंतरच्या बॅचलाही वाटली म्हणे.

वह्या सर स्वतः तपासत नाहीत. मदतनीस मुलगा स्पेलिंगभोवती गोल करून देतो, जोडणारा शब्द चुकला तरी तिकडे बघत नाही. अन् पोरांच्या काही परीक्षांत इंग्रजी लिहिण्याचा पेपर असतो, म्हणून दर परिच्छेदाला मोअरओव्हर नाहीतर फर्दरमोअर (‘शिवाय’) लावायचा आग्रह. मी व्यापाऱ्याला लिहायच्या पत्रात गंमत म्हणून तीनदा मोअरओव्हर घातला, त्यातला एक तर मुद्दा बदलताना, जिथं तो बसतच नाही. ‘व्हेरी गुड’ मिळालं. हूज (ज्याचा) अन् व्हेअर (जिथं) हे शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात उरकले. हूज वस्तूंनाही लागतो, एवढं पदरात पडलं.

माझ्याकडून 5 पैकी 3.5. दीड गुण झेरॉक्सचे अन् वह्यांचे कापले. जाणार असाल तर यादीच्या भरवशावर राहू नका. आपलंच चुकलेलं वाक्य घेऊन जा अन् फळ्यावर लिहायला लावा. तिथं सर फार चांगले आहेत.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, ऐन आंब्या बहाराच्या, म्हणजे हिवाळ्यात फुललेल्या संत्र्याच्या, तोडणीत. माझ्या जावेला यायचं आहे, म्हणून सरांना परत मार्चची बॅच मागितली. ‘मार्चात वरची टिनं तापतात ना ताई,’ म्हणाले. तापतात, साडेसातलाच. मी त्याच टिनाखाली बसून शिकले, पंखा सरांच्या डोक्यावर एकच होता.