डिझेल गाडी, परभणीची थंडी आणि नवीन फिल्टर हाउसिंग: एका हिवाळ्याचा अनुभव

नवीन डिझेल फिल्टर हाउसिंग (फिल्टर बसतो तो डबा), हातानं दाबून डिझेल ओढायच्या छोट्या हँडपंपासकट, दिवाळीनंतर बसवलं, आता होळीही झाली. निकाल आधीच सांगतो: सकाळची कटकट गेली. पैसे वसूल, पण सगळ्यांनीच घ्यावं असं नाही.

गाडी जुनी, सात सीटर. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. एकदा चालू झाली की मग दिवसभर अर्ध्या सेल्फवर. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात छापून आला की टपरीवर प्रत्येकजण सांगणार, "डिझेल गोठलं असंल." अहो, भारतीय मानकानुसार हिवाळ्यातलं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जायलाच पाहिजे, आणि टाकीतलं डिझेल काही हवेइतकं झटपट गार होत नाही. गोठण्याची भानगड लडाखची; तिथं इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहणारं डिझेल आणलं.

एका गॅरेजनं चारही हीटर प्लग (गार इंजिन आतून तापवणारे) बदलले. फरक शून्य. मग जिंतूर रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी प्लगकडं बघितलंही नाही. म्हणाले, "सेल्फ मारा, मी धूर बघतो." सायलेन्सरमधून धूरच नाही. हीटर प्लग गेले असते तर पांढरा धूर आला असता, म्हणजे डिझेल येतंय पण पेटत नाही. इथं डिझेलच पोचत नव्हतं. त्यांनी फिल्टर आणि इंजिनच्या डिझेल पंपाच्या मधे पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला आणि रात्रभर गाडी तशीच ठेवायला लावली. सकाळी पाइप अर्धी रिकामी, सेल्फ मारला की बुडबुड्यांची रांग. "एअर घेतीय बघा." फिल्टरच्या डोक्यातलं रबर कडक झालं होतं. गारठ्यात ते आणखी आकसतं, फटीतून हवा आत येते, डिझेल टाकीकडं परत उतरतं. दुपारी ऊन लागून रबर पुन्हा पसरलं की सगळं ठीक, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

नुसतं रबर बदलूनही भागलं असतं, पण जुन्या हाउसिंगला बारीक चीर होती. नवीन बसवल्यापासून हँडपंप दाबला की पहिल्याच दाबाला कडक लागतो. ही खूण चांगली, म्हणजे आत हवा नाही. खालच्या बोल्टमधून पाणी काढणंही सोपं झालं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की थंडीत आतून पाणी धरतं, ते दर महिन्याला थोडं निघतंच.

तक्रारी आहेत. हँडपंपाचं बटण प्लॅस्टिकचं, हलक्या हातानंच वापरावं लागतं. सोबतच्या क्लिपा तर टाकाऊ, मी वेगळ्या घेतल्या. ती पारदर्शक पाइप तपासणीपुरतीच ठेवा, इंजिनच्या उष्णतेनं कडक होते. डिझेलात रॉकेल मिसळू नका, इंजिनच्या डिझेल पंपाचं वंगण जातं. आणि हीटर प्लगवाल्या इंजिनात इथरचा (झटकन पेटणारा, गाडी चालू करायला मारतात तो) स्प्रे मारणं म्हणजे धडाका ओढवून घेणं.

तुमच्या गाडीच्या टाकीतच इलेक्ट्रिक पंप असेल किंवा सकाळी पांढरा धूर येत असेल, तर हे हाउसिंग घेऊ नका. आधी हीटर प्लग आणि त्याचा रिले (प्लगला करंट देणारा स्विच) मीटर लावून तपासा.