आठ महिन्यांनंतर: बर्मिंगहॅममधला हलाल ब्रंच

स्पार्कहिल भागातल्या या हलाल ब्रंच आणि डेझर्टच्या रेस्टॉरंटमध्ये आठ महिन्यांत आम्ही बारा-तेरा वेळा तरी जेवलो. पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून थांबले होते.

बर्मिंगहॅममध्ये हलाल जेवणाला तोटा नाही. बाल्टी, म्हणजे छोट्या कढईत शिजवून त्यातच वाढतात ती करी, तर याच शहरातली. जवळच्या लेडीपूल रोडवर एकेकाळी तिची कितीतरी हॉटेलं होती. अडायचं ते सकाळच्या इंग्लिश न्याहारीपाशी. बेकन, सॉसेज, ब्लॅक पुडिंग, सगळं डुकराचं. नुसती अंडी मागवावीत तर तीही त्याच तव्यावर तळलेली. ऑफिसच्या मंडळींबरोबर कॅफेत गेले की चीज टोस्ट आणि चहा, वर्षानुवर्षं हेच.

इथे तीच थाळी टर्की रॅशर्स (बेकनसारखे पातळ काप), बीफ सॉसेज, बटाट्याचे हॅश ब्राऊन, बेक्ड बीन्स आणि मशरूम घालून येते. रॅशर्स थोडे कोरडे असतात, ते मला अजून आवडलेले नाहीत. सॉसेज मात्र रसदार आणि मिरीचा झटका असलेलं. सगळ्यात चांगलं शक्षुका, म्हणजे टोमॅटोच्या रश्शात शिजवलेली अंडी: लोखंडी पॅनमध्ये टोमॅटोचा रस्सा अजून रटरटत असतो, जिऱ्याचा वास येतो आणि पाव बुडवला की पिवळं बलक फुटून रश्शात पसरतं.

उन्हाळ्यात अम्मी खेडहून आली होती. इथल्या हॉटेलात ती मेनूला हातच लावत नसे, "तूच सांग मला काय चालेल ते" म्हणायची. त्या दिवशी तिने पर्समधून चष्मा काढला, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत बोट फिरवत सगळं वाचलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे यातलं काहीपण मागवायचं?" मग तिने फ्रेंच टोस्ट, सॉसेज आणि वर मिल्क केक असं स्वतःच मागवलं. वेटरशी इंग्रजीतसुद्धा तीच बोलली. मी या जागेला इतकी का धरून आहे, ते त्या दुपारमुळे.

दारावर 'हलाल' लिहिलंय एवढ्यावर थांबू नका, विचारा. ब्रिटनमध्ये हलालचा शिक्का देणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत. त्यांतल्या एचएमसीला (हलाल मॉनिटरिंग कमिटी) जनावर बेशुद्ध करून कापलेलं चालत नाही. हलाल फूड अथॉरिटी या दुसऱ्या संस्थेला चालतं, मात्र बेशुद्ध करतानाच ते मरता कामा नये. आमच्या घरी एचएमसीच लागतं. पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने तोंड वाकडं न करता भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं, तारखेसकट. गोडाचंही विचारावं लागतं. मार्शमेलोत जिलेटिन असतं, तिरामिसूत बहुतेक ठिकाणी मद्य घालतात. इथलं तिरामिसू फक्त कॉफीवर करतात आणि खरंच छान करतात.

आता तक्रारी. मध्यंतरी मेनू बदलला आणि पिस्ता-कुनाफा (कुनाफा म्हणजे शेवयांसारखी अरबी मिठाई) सगळ्यात शिरला: पॅनकेकवर, वॉफलवर, मिल्कशेकमध्येही. इतकं गोड की चौघांत एक प्लेट संपत नाही. शनिवारी टेबल फक्त दीड तास मिळतं. एकदा आमचं वॉफल पन्नास मिनिटांनी आलं, तेही गार, आणि लगेच उठायची आठवण. मॅनेजरला सांगितलं तेव्हा त्याने माफी मागून वॉफलचे पैसे वजा केले, पण मुलांचा विरस झाला तो झालाच. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो. तो ऐच्छिक आहे, सांगितलं की काढतात. ऑक्टोबर 2024 पासूनच्या कायद्यानुसार ही रक्कम पूर्ण कामगारांनाच द्यावी लागते, त्यामुळे सेवा चांगली असली की मी तो ठेवते.

रात्री मात्र जरूर जा. दहा वाजता बाबागाडीतल्या बाळापासून काठी टेकत आलेल्या दादीपर्यंत सगळं कुटुंब एका टेबलाशी दिसतं. कॉलेजची मुलंमुली एका चॉकलेट केकवर दोन तास गप्पा मारतात. पबमध्ये न जाणाऱ्यांना या शहरात संध्याकाळी बसायला दुसरं होतं काय? रमजानमध्ये सकाळचा ब्रंच बंद असतो, इफ्तारला दार उघडतं आणि तरावीहनंतर, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजनंतर, रांग फुटपाथवर येते.

दोघांचा ब्रंच चहा-कॉफीसकट साधारण 35 पौंडांत होतो. स्वस्त नाही. शनिवार टाळा, रविवारी साडेदहाच्या आत पोहोचा, शक्षुका मागवा आणि गोड एकच घ्या.