नवशिक्यांसाठी कयाकिंग : अर्ध्या दिवसाच्या वर्गाचे परीक्षण

परदेशात राहताना शनिवार-रविवारी एखादा मैदानी खेळ करून पाहावा असे वाटणाऱ्यांसाठी नवशिक्यांचा अर्ध्या दिवसाचा वर्ग ही सर्वांत सोपी सोय असते. साधने, पोशाख आणि प्रशिक्षक हे सारे शुल्कातच येत असल्यामुळे खेळ आपल्याला मानवतो की नाही हे कळण्याआधी काहीही विकत घ्यावे लागत नाही. तलावावर चालणारा कयाकिंगचा, म्हणजे अरुंद, हलकी नौका दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवण्याचा, असाच एक वर्ग मी नुकताच केला. तो चांगला आहे, पण ज्या गोष्टीमुळे चांगला आहे ती त्याच्या जाहिरातीत कुठेच दिसत नाही.

जाहिरातीत चकाकते पाणी आणि हसरे चेहरे आहेत. प्रत्यक्षात बराच वेळ काठावर जातो, आणि तो तसाच जायला हवा. वसंतात हवा उबदार झाली तरी पाणी फार सावकाश तापते, हे उष्ण हवामानात वाढलेल्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. पाण्याचे तापमान 15 अंश सेल्सिअसच्या खाली असताना अचानक पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटात ताब्यात राहत नाही, आणि पोहता येणारेही त्याच वेळी गटांगळ्या खातात. म्हणूनच येथे पोशाख हवा पाहून नव्हे, तर पाणी पाहून देतात. वेटसूट (रबरासारख्या जाड कापडाचा पाण्यातला पोशाख) अंगाला घट्ट बसला तरच आतला पाण्याचा पातळ थर शरीराच्या उबेने कोमट राहतो, हे सांगून प्रशिक्षिकेने दोघांना सूट बदलायला लावले. लाइफ जॅकेटचे पट्टे तिने स्वतः वर ओढून तपासले. ही जॅकेटे 50 न्यूटन उत्प्लावकतेची, म्हणजे पाण्यात वर उचलून धरण्याच्या तेवढ्या बलाची, असतात. शुद्ध हरपलेल्या माणसाला ती उताणे करतीलच असे नाही, हेही तिने आडपडदा न ठेवता सांगितले.

वर्गाचा खरा कस मात्र नौका उलटवण्याच्या सरावात लागतो. प्रत्येकाला उथळ पाण्यात मुद्दाम कयाक पालथी करून, स्प्रे डेकचा (कमरेभोवती बसून नौकेचे तोंड झाकणाऱ्या आवरणाचा) पुढचा पट्टा खेचून, बाहेर यावे लागते. पट्टा आत दुमडून राहिला नाही ना, हे आधी दुसऱ्याने पाहायचे. नंतर जोडीदाराच्या मदतीने नौकेतील पाणी काढून पुन्हा आत चढायचे. हा सराव टाळणारे आणि थेट सहलीलाच नेणारे वर्गही असतात; तेथे नावनोंदणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वल्हे मारण्याचे शिक्षण त्यामानाने थोडक्यात आटोपले. जोर दंडाचा नसून कमरेवरच्या धडाच्या वळण्याचा असतो, एवढे त्यातून पक्के झाले.

भाषेचा प्रश्न या वर्गाने अर्धाच सोडवला आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी थांबा, जवळ या आणि मदत हवी यांच्या हातखुणा ठरवल्या गेल्या, त्यामुळे वाऱ्यात शब्द ऐकू आले नाहीत तरी कोणाचे अडले नाही. पण जबाबदारीचे पत्र केवळ स्थानिक भाषेत होते आणि ते पोहोचल्यावर घाईघाईत पुढे केले गेले. दुखापत झाल्यास खर्च कोणाचा हे त्यातच लिहिलेले असते, शिवाय काही विमा योजनांमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. तेव्हा ते आदल्या दिवशी ईमेलने मागवून वाचणे इष्ट. आयोजकांनी ते आपणहून पाठवले असते तर बरे झाले असते.

याखेरीज गट मोठा होता, आणि काठाकडून आत वाहणारा वारा सुटल्यावर मागे पडलेल्यांकडे पाहायला दुसरा प्रशिक्षक नव्हता. असा वारा फसवा असतो, कारण काठाजवळ पाणी शांत दिसते आणि परत फिरतानाच त्याचा जोर कळतो. सहल वेळीच आवरती घेतली गेली, हे योग्यच झाले. अजिबात पोहता न येणाऱ्यांनी मात्र नावनोंदणी करताना प्रशिक्षकांची संख्या विचारावी आणि गटात एकच प्रशिक्षक असेल तर दुसरी तारीख मागावी.