विकत घेतलेला विसर्ग

थिसिस द्यायला चार महिने उरले होते आणि माझ्याकडे नदीच्या विसर्गाचे आकडेच नव्हते. पावसाच्या नोंदी होत्या, पाणलोटाची सीमा आखून झाली होती. पण पावसावरून विसर्ग काढणारं मॉडेल कॅलिब्रेट करायचं, म्हणजे खऱ्या नोंदींशी जुळवून घ्यायचं, तर नदीतून प्रत्यक्षात किती पाणी गेलं ते हवंच. रीतसर केलेला अर्ज कुठेतरी अडकला होता. तेवढ्यात ओळखीतून एक 'डेटा मिळवून देणारा' भेटला. दहा वर्षांचा रोजचा विसर्ग, कॅलिब्रेट केलेलं मॉडेल आणि वर ते ज्यात चालतं त्या एचईसी-एचएमएस सॉफ्टवेअरचं लायसन्स, असं पॅकेज.

इथेच पाल चुकचुकायला हवी होती. अमेरिकेच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं हे सॉफ्टवेअर कुणालाही फुकट डाउनलोड करता येतं. आम्ही पहिल्या सेमिस्टरला तेच वापरलं होतं! मला वाटलं, ही काहीतरी 'प्रो' आवृत्ती असेल.

फाइल उघडली आणि हरखून गेलो. नॅश-सटक्लिफ गुणांक ०.९६. हा १ आला तर मॉडेल आणि मोजमाप तंतोतंत जुळलं. ० आला तर मॉडेलऐवजी नुसती सरासरी धरली असती तरी तेच. ०.९६ बघितल्यावर पुढे काही तपासावंसंच वाटलं नाही.

गाईडनी आलेखावर नजर टाकून एवढंच विचारलं, "वर्षाचा ताळेबंद मांडलास?"

रात्री मांडला. पाणलोट ४०० चौरस किलोमीटर, एका वर्षाचा सरासरी विसर्ग १५ क्युमेक्स, म्हणजे सेकंदाला १५ घनमीटर. म्हणजे त्या क्षेत्रावर साधारण ११८० मिलिमीटर पाण्याचा थर. त्या वर्षीचा पाऊस ९०० मिलिमीटर. बाहेरून पाणी आणलेलं नाही, वर धरण नाही, बाष्पीभवन तर मी अजून धरलंच नव्हतं.

मग मॉडेल उघडून पाहिलं. बेसफ्लोच्या (जमिनीतून झिरपून नदीत येणाऱ्या पाण्याच्या) जागी दर महिन्याचा ठरावीक आकडा हाताने भरलेला. हे पाणी पावसातून वजा होतच नव्हतं. आणि 'मोजलेला' विसर्ग? मॉडेलच्याच उत्तरात थोडी गडबड मिसळून तयार केलेला. दोन्हींतला फरक दहा वर्षांत एकदाही दहा टक्क्यांच्या वर गेला नव्हता, महापुरातही नाही. खरं तर मोठ्या पुरात प्रवाह मोजता येत नाही म्हणून रेटिंग कर्व्ह (पाणीपातळीवरून विसर्ग काढायचा आलेख) पुढे ताणतात, आणि चूक तिथेच सगळ्यात जास्त असते.

कुणी असा डेटा देऊ केला तर आधी पाणीपातळीच्या मूळ नोंदी आणि रेटिंग कर्व्ह मागा. मी त्या माणसाकडे कर्व्ह नंतर मागितला. "तो गोपनीय असतो," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

पैसे गेले ते गेलेच. गाईडना सगळं सांगताना मात्र मान वर होत नव्हती. एक सेमिस्टर वाढलं. अर्जाचं उत्तर उशिरा आलं, त्यात मधले सात महिने कोरे होते. त्या नोंदींवर गुणांक आला ०.६३, आणि तोच थिसिसमध्ये छापला.