लोकलमध्ये वाचून होणारी मराठी पुस्तकं : कुठलं पिशवीत टाकावं, कुठलं घरी ठेवावं

बोरिवलीहून चर्चगेटला फास्ट गाडीने पंचेचाळीस-पन्नास मिनिटं लागतात. बसायला मिळालं तर तेवढ्या वेळात नेहमीच्या डेमी आकाराची वीस-बावीस पानं होतात. चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकाच्या कडेला, अर्धवट टेकून सतरा-अठरा, उभ्याने दहा-बाराच. कल्याणहून येणाऱ्याला फास्टनेही तासाच्या वर मिळतो, पण ठाण्याला गर्दी आत घुसली की पुढची पानं डोळ्यांनी नुसती चाळली जातात. म्हणून "छान आहे, वाच" एवढ्या शिफारशीवर घेतलेलं पुस्तक लोकलमध्ये बऱ्याचदा तिसाव्या पानावर अडकतं. पुस्तक वाईट नसतं, त्याचे तुकडे प्रवासाच्या मापाचे नसतात. एका बैठकीत कुठे थांबता येतं आणि संध्याकाळी परत उघडल्यावर धागा किती ओळींत सापडतो, हे आधी बघावं. खालची सगळी मतं याच कसोटीवरची आहेत.

सुरुवात करायची तर व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' (१९४९) घ्यावं. एकेक माणूस मोजक्या पानांत संपतो. झेल्या चढताना सुरू केला तर दादरच्या आत होतो, धर्मा रामोशी परतीला. वाक्यं आखूड आहेत, त्यामुळे कुणाचं कोपर लागून नजर हलली तरी ओळ लगेच सापडते. तोटा एकच, एका दिवशी दोनाच्या वर वाचू नयेत. ओळीने चार वाचली की माणसं एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येकाचं वेगळेपण जातं. त्यानंतर त्यांचीच 'बनगरवाडी' (१९५५) घ्यावी. दीडशे पानांच्या आसपासची कादंबरी, प्रकरणं लहान. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, ओस पडलेली शाळा, वाडीने मिळून बांधलेली तालीम आणि मग दुष्काळ. आठवडाभरात आरामात होते. शेवटची पंचवीसेक पानं मात्र तोडून वाचू नका. ती सुटीच्या दिवशी घरी किंवा रविवारच्या रिकाम्या गाडीत वाचावीत, कारण वाडी उठायला लागते तिथे मध्येच "पुढील स्टेशन" ऐकू आलं की सगळा परिणाम पार विस्कटतो.

या यादीतलं सगळ्यात पैसावसूल पुस्तक विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक कर्ज फेडायला चार पैसे मिळावेत म्हणून उत्तरेकडे निघतो आणि १८५७ च्या बंडात सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा हा शहरातच असतो. इतिहासाच्या पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी इथे आहेत : दक्षिणा किती मिळाली, ती कुठे लपवली, लूट आली तेव्हा कोणत्या कोपऱ्यात बसून जीव वाचवला, खायला काय होतं. कमावलेलं बहुतेक वाटेतच गेलं, तरी आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड खांद्यावर घेऊन गडी घरी येतो. प्रवासवर्णन असल्याने मुक्काम ते मुक्काम असे तुकडे आपोआप पडतात आणि लोकलला ते फार सोयीचं आहे.

मात्र विकत घेताना प्रस्तावना कुणाची आहे ते आधी उघडून बघा. हे पुस्तक पहिल्यांदा १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी छापलं, आणि तेव्हा त्यांनी मजकुरावर बराच संपादकी हात फिरवला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी तयार केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. बाजारात दोन्ही वळणांच्या प्रती मिळतात आणि मुखपृष्ठावर फरक सहसा कळत नाही. नुसती गोष्ट हवी असेल तर वैद्यांची वाट सोपी आहे. भटजीची स्वतःची बोली आणि त्याचा भाबडेपणा जसाच्या तसा हवा असेल तर पोतदारांची. पण मूळ पाठ उभ्याने वाचू नये. जुनी वाक्यं लांब पळतात आणि टिपा खाली बघाव्या लागतात. नवख्याने पहिली चाळीस पानं सलग बसून वाचावीत, मग कान सरावतो.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' जाड आहे, म्हणून लोक दचकतात. दचकू नये. १९३४ पासून ती भागाभागांनी आली आणि आतली मांडणीही प्रसंगाप्रसंगाची आहे. एक प्रसंग पाच-सात मिनिटांत संपतो, त्याला स्वतःचा शेवट असतो, बहुतेक वेळा हसवणारा. वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, हा सुरुवातीचा भाग दोन-तीन फेऱ्यांत होतो. पुढे नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती होतात, तिथून पुस्तकाचा सूर बदलतो आणि वाचनाचा वेग कमी होतो, ते गृहीत धरा. अडचण वजनाची आहे. संपूर्ण प्रत एका हातात धरून उभं राहता येत नाही. संक्षिप्त प्रती निघालेल्या आहेत, पण कापणी झालीय ती नेमकी रेंगाळण्यात, आणि बाईंची मजा रेंगाळण्यातच आहे. जागा हमखास मिळत असेल, म्हणजे पहिल्या स्टेशनवरून चढत असाल, तर संपूर्णच घ्या.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९) लहान आहे म्हणून कुणी सुचवलं तर सावध असा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवर सगळं घडतं. एक मराठी तरुण, जर्मनी सोडून निघालेली ज्यू हेर्टा, मोजके दिवस. पानं थोडी, पण थांबायला जागा नाही. जास्तीत जास्त तीन बैठकांत संपवावं, आठ दिवस चघळत ठेवलं की बोटीवरचा तो कोंडलेला वेळ हरवतो. दोन्ही बाजूंना बसायला मिळणार असेल त्या आठवड्यात काढा.

मुंबईवरचं काही हवं असेल तर भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' (१९६५). नाक्यावरच्या पोरांच्या एकमेकांत गुंतलेल्या कथा, प्रत्येक वेगळी वाचता येते, भाषा अस्सल मुंबईची. अश्लीलतेवरून त्या काळी यावर मोठा गदारोळ झाला होता, आणि लोकलमध्ये शेजारचा माणूस खांद्यावरून वाचतोच, तेव्हा कुठलं पान उघडं आहे याचं भान ठेवा. मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (१९६९) पश्चिम किंवा हार्बरवाल्यांनी अवश्य घ्यावी. माहीम ते वांद्रे गाडी पुस्तकातल्याच भागातून जाते. खाडीकाठच्या झोपडपट्टीचं आयुष्य सरळ, न थांबणाऱ्या कथनात आहे. पात्रं बरीच आहेत, पहिल्या तीन प्रकरणांत नावं पेन्सिलीने शेवटच्या कोऱ्या पानावर टिपून ठेवली तर पुढे मागची पानं उलटावी लागत नाहीत.

घरी ठेवावीत अशी दोन. 'मृत्युंजय' (१९६७) वाचायला सोपी आहे, कर्णासकट वेगवेगळी पात्रं आपापल्या तोंडून सांगतात, त्यामुळे तुकडेही पडतात. पण सातशेच्या वर पानं आणि पुठ्ठाबांधणी म्हणजे पाऊण किलोच्या पुढे. दांडी पकडून मनगट दहा मिनिटांत भरून येतं. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) हलकी आहे, पण काळ मागेपुढे उड्या मारतो. सकाळी कुठे होतो ते संध्याकाळी आठवत नाही आणि दोष लेखकाला दिला जातो. ती शांत जागेत वाचावी, चांगली आहे. पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'बद्दल वेगळं सांगायला नको. लोकलसाठीच लिहिल्यासारखं आहे, फक्त बहुतेकांचं आधीच पाठ असतं.

आता प्रत कशी निवडायची. उभ्याने वाचणाऱ्याला क्राऊन आकार (साधारण पाच बाय साडेसात इंच) डेमीपेक्षा (साडेपाच बाय साडेआठ) बरा पडतो. दीडशे पानांची डेमी प्रत साध्या कागदावर पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम भरते, ती चालते. त्याहून महत्त्वाचा आतला समास, म्हणजे पुस्तकाच्या घडीकडची कोरी पट्टी. ती बोटभर तरी हवी. खर्च वाचवण्यासाठी ती कापली की ओळीची शेवटची अक्षरं घडीत जातात आणि एका हाताने पुस्तक फाकवावं लागतं. अंगठ्याने फाकवत राहिलं की बांधणी तुटते. पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा पिवळसर छटेचा, ज्याला नॅचरल शेड म्हणतात तो घ्या. डब्यातल्या ट्यूबलाइटखाली शुभ्र कागद चकाकतो.

बांधणी बघायची तर पुस्तकाचा कणा वरच्या टोकाकडून पाहा. घड्यांच्या लहान लहान कमानी दिसल्या तर शिलाई आहे, कागद सपाट कापून चिकटवलेले दिसले तर नुसता गोंद. गोंदवाली प्रत मधोमध उघडून हलकेच दाबा. कडकड आवाज आला तर गोंद वाळलाय, मुंबईच्या दमट हवेत आणि रोजच्या हिसक्यांत दोन महिन्यांत पानं सुटी होतील. शिलाईची प्रत पन्नास रुपये महाग असली तरी घ्यावी.

आणखी एक तपासणी दुकानातच करा, दोन मिनिटं लागतात. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीत, छापतात. बांधताना फर्मा राहून गेला तर ४८ नंतर थेट ६५ येतं, कधी तोच फर्मा दोनदा किंवा उलटा लागतो. १६, ३२, ४८, ६४ असे आकडे भराभर चाळले की चूक सापडते. पावती असेपर्यंत दुकानदार बदलून देतो, रहस्य कळायच्या वेळी घरी लक्षात आलं तर वाद होतो.

कुठून घ्यायची? नवी हवीत तर दादर पश्चिमेला छबिलदासच्या गल्लीत आयडियल, स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. मराठीचा साठा भरपूर, हाताळून बघता येतं. फोर्टात किताबखान्यात मराठीचं कपाट आहे, पण मुख्य माल इंग्रजीच. फाउंटन आणि माटुंग्याच्या फुटपाथवरही तेच, मराठी प्रत मिळाली तर नशीब. स्टेशनबाहेर निम्म्या किमतीत खपाऊ मराठी पुस्तकं दिसली की ओळखा, बनावट असण्याची शक्यता दाट. मुखपृष्ठाचा रंग फिका, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, पानांच्या कोपऱ्यांत झेरॉक्ससारखे काळे डाग, छपाई तिरकी. लेखकाला त्यातून छदामही मिळत नाही आणि पंधरा दिवसांत पानं गळतात, तेव्हा ते स्वस्तही नाही.

विकत घ्यायच्या आधी चव बघायची असेल तर ग्रंथालय. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या आवृत्त्यांचा साठा मोठा आहे. कोणत्याही ग्रंथालयात नाव घालताना अनामत किती, एका वेळी किती पुस्तकं आणि उशिराचा दंड कसा मोजतात, हे तिन्ही लेखी घ्या. ग्रंथालयाची जुनी प्रत मात्र लोकलमध्ये नेऊ नये. कागद ठिसूळ झालेला असतो, कोपरा दुमडला की तुटतो, आणि भरपाई तुमच्या माथी.

फोनवर वाचणारे म्हणतील एवढा खटाटोप कशाला. दारात उभं राहून फोन काढला की फटका मारून पळवतात, 'बनगरवाडी'ला अजून कुणी हात घातलेला नाही.

पावसाळ्यात वर्तमानपत्राचं कव्हर घालू नये. ते ओल धरतं आणि शाई मुखपृष्ठावर उतरते. झिपची प्लॅस्टिक पिशवी घ्या, पुस्तकापेक्षा एक इंच मोठी. लॅमिनेशनचं मुखपृष्ठ जून-जुलैत बाहेरच्या बाजूला वळतं, कारण वरचा प्लॅस्टिकचा थर फुगत नाही आणि आतला कागद ओल शोषून फुगतो. रात्री वर दोन जड पुस्तकं ठेवली की बऱ्यापैकी सरळ होतं. भिजलंच तर उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच नको. आधी कोरड्या फडक्यात दाबून पाणी टिपा, दर दहा-पंधरा पानांत टिश्यू घाला, पुस्तक उभं करून पंख्याखाली ठेवा, टिश्यू दर दोन तासांनी बदला. पानं हाताला जेमतेम दमट लागेपर्यंत हे करायचं, मग मिटून वजनाखाली ठेवायचं. आत गुळगुळीत कागदावरचे फोटो असतील तर आधी तीच पानं, ओली असतानाच, एकेक करून सुटी करून घ्या. ती एकदा चिकटून वाळली की निघत नाहीत.