चढावर ताकद सोडणारी टर्बो डिझेल आणि ओबीडी डोंगल: काही महिने वापरल्यानंतर

ब्लूटूथ ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती फोनवर दाखवणारी छोटी डबी, घेऊ का, असे कोणी विचारले तर मी आधी विचारतो, गाडी टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेली) आहे का? नुसता चेक इंजिनचा दिवा लागल्यावर कोड वाचायचा असेल तर कोणताही गॅरेजवाला पाच मिनिटांत वाचून देतो, त्यासाठी दीड हजार घालवायची गरज नाही. पण जोरात दाबल्यावरच ताकद जाते आणि गॅरेजसमोर उभी केली की काहीच सापडत नाही, असा त्रास असेल तर या डबीइतके कामाचे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही.

माझी गाडी दीड लिटरची टर्बो डिझेल, रनिंग दीड लाखाच्या पुढे. चिपळूण-कराड येणे-जाणे नेहमीचे, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला. सपाटीवर कसलीही तक्रार नव्हती. पोफळी सोडून चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की अडीच हजार आरपीएमच्या आसपास गाडी एकदम ओढायचीच बंद व्हायची. मागे काळा धूर, आणि थोड्या वेळाने दिवा. बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की पुढच्या मोठ्या चढापर्यंत सगळे ठीक. चावी फिरवल्यावर ताकद परत येते, याचा अर्थ इंजिनचा कॉम्प्युटर स्वतःच बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, आवरून धरतो आहे. हाच लिम्प मोड, इंजिन वाचवायला मुद्दाम ताकद कमी करणे.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये कोड निघाला पी०२९९, आणि त्याच बैठकीत नव्या टर्बोचे एस्टिमेट हातात पडले, साठ हजारांच्या वर. पी०२९९ एवढेच सांगतो की कॉम्प्युटरने मागितला तेवढा हवेचा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, हे त्यात नसते. टर्बो झिजला असेल, व्हेरिएबल जिओमेट्रीची, म्हणजे टर्बोतली हलणारी, पाती काजळीने अडकली असतील, ती पाती हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरचा व्हॅक्यूम पाइप चिरला असेल, बूस्ट सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) नीट उघडत नसेल, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा राहत असेल, टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा होज फाटला असेल, किंवा दाब मोजणारा सेन्सरच काजळीने माखला असेल. यातली काही कामे दोन-तीनशे रुपयांत होतात. सर्वांत महागडा भाग सर्वांत आधी बदलायचा, हे मला मान्य नव्हते. डोंगल घेतले ते यासाठी.

भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ चारचाकी गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचे झाले, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. डोंगल त्यात बसवायचे, फोनला जोडायचे, अ‍ॅप उघडायचे. मी अँड्रॉइडवर वापरतो. आयफोन असेल तर साधे जुने ब्लूटूथ डोंगल चालणार नाही, वायफायचे किंवा बीएलईचे (नव्या, कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचे) लागते, हे विकत घेण्याआधी बघा.

कोड उडवण्याआधी एक गोष्ट आवर्जून करा: फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. कोड पडला त्या क्षणी इंजिनची स्थिती काय होती, ते कॉम्प्युटर तिथे साठवतो आणि कोड उडवला की ती नोंदही जाते. माझ्या नोंदीत आरपीएम २६००, लोड जवळजवळ पूर्ण, पाण्याचे तापमान नेहमीचे. म्हणजे तक्रार थंड इंजिनची नाही, आयडलची नाही, फक्त भाराखालची आहे, हे कागदावर आले.

पुढचे काम ग्राफचे. अ‍ॅप शंभर रीडिंग दाखवते, पण स्वस्त डोंगल सेकंदाला मोजकीच मूल्ये आणते, सगळी मागितली तर प्रत्येक रेघ तुटक येते. मी चारच ठेवली: आरपीएम, मॅप म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब, मॅफ म्हणजे टर्बोच्या आधी मोजलेली आत जाणारी हवा, आणि रेल प्रेशर म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब.

पहिली तपासणी गाडी न हलवता होते. चावी ऑन, इंजिन बंद. अशा वेळी मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, म्हणून मॅपने वातावरणाचा दाब दाखवला पाहिजे. चिपळूणला १०० किलोपास्कलच्या आसपास दिसले, कराडला ९५ च्या जवळ. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, तेव्हा हा फरक बरोबर बसतो. निदान या टोकाला सेन्सर खोटे बोलत नव्हता.

मग रस्त्यावर. घाटातल्या वळणांवर असले प्रयोग करू नका. चिपळूणहून खेडकडे जाताना परशुराम घाटाचा रुंद चढ आहे, तिथे सकाळी लवकर, रिकामा रस्ता बघून, तिसऱ्या गिअरमध्ये पंधराशेपासून पूर्ण दाबत नेली. चढामुळे वेग फारसा न वाढताही इंजिनवर भार येतो. फोन धाकट्या भावाच्या हातात, रेकॉर्डिंग चालू. मी रस्त्याकडेच बघत होतो, ग्राफ घरी येऊन पाहिला.

अडीच हजारांना मॅप १५५ च्या पुढे जात नव्हता. इथे थांबलो असतो तर टर्बो गेला असेच वाटले असते. पण त्याच क्षणी मॅफ सेकंदाला साठ ग्रॅमच्या वर होता, आणि सगळे उत्तर या जोडीत आहे. दीड लिटरचे इंजिन अडीच हजार आरपीएमला सेकंदाला साधारण ३१ लिटर हवा ओढते. आतला दाब १५५ आणि हवा पन्नास अंश गरम असेल तर तेवढ्या हवेचे वजन भरते जास्तीत जास्त ५२ ग्रॅम. टर्बोच्या आधी साठ ग्रॅमहून जास्त मोजली गेली आणि इंजिनात फार तर बावन्न पोचली. मधली हवा वाटेत कुठेतरी बाहेर पडत होती. टर्बो खरोखर कमजोर असता किंवा एअर फिल्टर चोंदला असता, तर दोन्ही आकडे सोबत खाली आले असते. ईजीआर उघडा राहिला असता तर मॅफ आधी पडला असता. काळ्या धुराचाही उलगडा इथेच होतो: मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडले जाते, पण तेवढी हवा जळायला मिळत नाही.

ग्राफ घेऊन आमच्या चाचांकडे गेलो. गाड्यांच्या कामात त्यांचे केस पांढरे झालेत. त्यांनी दोन्ही रेघा नीट बघितल्या आणि म्हणाले, "दादा, टर्बोला हात नको लावू. आधी इंटरकूलरचे पाइप काढू." इंटरकूलरकडून इंजिनकडे येणारा रबरी होज बाहेर काढून हाताने वाकवला तेव्हा खालच्या बाजूला बोटभर चीर उघडली. तिच्याभोवती ऑइलचा ओला डाग आणि त्यावर धूळ बसलेली. आयडलला या पाइपमध्ये दाब जवळजवळ नसतोच, त्यामुळे उभ्या गाडीत ती चीर मिटलेली राहायची. नवा होज आणि दोन क्लॅम्प, मजुरीसह तीन हजारांच्या आत. त्याच चढावर मॅप २१५ पर्यंत गेला आणि पी०२९९ परत आलेला नाही.

असा गळका होज घेऊन कोणी महिनोन्‌महिने गाडी चालवत असेल तर कृपया चालवू नका. कमी पडलेला दाब भरून काढायला टर्बो गरजेपेक्षा जास्त फिरतो, गरम होतो, काजळी वाढते, आणि मग जो टर्बो ठणठणीत होता तोच खरोखर जातो.

पावसाळ्यात पुन्हा तसेच झाले. चढावर ओढ कमी, पण या वेळी दिवा नाही, धूर नाही. पुन्हा होज फाटला असे समजून गाडी उघडण्याआधी त्याच चढावर रेकॉर्डिंग केले. मॅप व्यवस्थित २१० च्या वर, मॅफ व्यवस्थित, पण रेल प्रेशर पूर्वी जिथे १४०० बार होते तिथे घसरून साडेअकराशेवर यायचे. हवा पूर्ण, डिझेल अपुरे. डिझेल फिल्टर काढला तर तळाला पाणी आणि गाळ. फिल्टर बदलला, काम झाले. बसल्या जागी लक्षण अगदी सारखे वाटले होते, पण कारण गाडीच्या दुसऱ्याच टोकाला होते. यानंतर हे डोंगल मला दुरुस्तीच्या हत्यारांपेक्षाही मोलाचे वाटते.

उणिवाही सांगायला हव्यात. ओबीडीच्या प्रमाणित यादीतले मॅपचे रीडिंग २५५ किलोपास्कलला संपते. त्यापुढचा आकडा त्या जागेत मावतच नाही. एका मित्राच्या दोन लिटरच्या एसयूव्हीत २५५ वर आडवी रेघ आली आणि बूस्ट अडकला या काळजीने तो हैराण झाला होता. गाडीला काहीही झालेले नव्हते. अशा गाड्यांना कंपनीची स्वतःची रीडिंग वाचणारे अ‍ॅप लागते. कॉम्प्युटरने मागितलेला बूस्ट किती, हेही माझ्या गाडीत साध्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही, फक्त मिळालेला दिसतो. डोंगल कायम सॉकेटमध्ये ठेवू नका, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरते. आणि खोक्यावर ईएलएम३२७ ची (डोंगलमधल्या चिपची) १.५ आवृत्ती लिहिलेली असेल तर ती मूळ चिप नाही, मूळ कंपनीने १.५ कधी काढलीच नाही. नकलीने कोड वाचले जातात, पण ग्राफसाठी वेग हवा, म्हणून दोन-चारशे जास्त गेले तरी जरा बरे घ्या.

होज बदलल्यानंतरचे रेकॉर्डिंग मी जपून ठेवले आहे आणि दर सर्व्हिसनंतर त्याच चढावर नवे करून शेजारी लावतो. अलीकडच्या ग्राफमध्ये बूस्ट पूर्ण येतो, पण थोडा उशिरा, आधीपेक्षा दोन-अडीचशे आरपीएम पुढे. मॅफही तिथे तेवढाच मागे आहे, म्हणजे गळती नाही. चाचांना पात्यांवर काजळी धरल्याची शंका आहे. गणपतीआधी व्हॅक्यूम पंप लावून अ‍ॅक्च्युएटरचा दांडा पूर्ण फिरतो का ते बघणार आहोत.